प्रस्तावना : संक्षेप आपला, विस्तार यंत्राचा

मु. पो. ता. जि. ही अक्षरे वाचताना मराठी माणूस अडखळत नाही. मुक्काम, पोस्ट, तालुका, जिल्हा हे शब्द तो मनातल्या मनात पुरे करून घेतो. सा. न. वि. वि. या चार अक्षरांनी सुरू होणारी पत्रेही अशीच वाचली जात. त्याच्याही आधी मोडी कागदांत अक्षरापुढे दोन दंड ओढून शब्द आखडता घ्यायची रीत होती: मु॥ म्हणजे मुक्काम, प॥ म्हणजे परगणा. बोरूने लिहिणाऱ्या कारकुनाचे श्रम त्यात वाचत, कागदही वाचे, आणि पत्र घेणारा त्याच व्यवहारातला असल्याने अर्थ कुठे सांडत नसे.

आखडलेला शब्द उलगडायचे काम या रीतीत वाचणाऱ्याकडे होते. तारायंत्र आले तेव्हा ते मधल्या माणसाकडे गेले. वॉल्टर फिलिप्स या अमेरिकी तारायंत्रचालकाने 1879 मध्ये बातम्या पाठवण्यासाठी संक्षेपांचा एक कोशच तयार केला. पाठवणारा आखूड अक्षरे वाजवी, आणि पलीकडचा माणूस ती कानाने ऐकून पुरे शब्द कागदावर उतरवी. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाला तिथले पत्रकार आजही ‘स्कोटस’ म्हणतात, ते त्याच कोशातून आलेले आहे. संगणकाने हा मधला माणूसही मोकळा केला. लिहिणारा दोन-तीन अक्षरे टाइप करतो, यंत्र त्यांच्या जागी अख्खे नाव, पत्ता किंवा परिच्छेद ठेवते, आणि वाचणाऱ्यापुढे जाते ते पुरते लेखन.

ही पुस्तिका त्या सोयीबद्दल आहे. रोज मराठी टाइप करणाऱ्यांसाठी ती लिहिली आहे: कार्यालयातले लिपिक, वकिलांकडचे टंकलेखक, अनुवादक, उपसंपादक, शिक्षक. शासकीय लिपिकाच्या नोकरीसाठी आपल्याकडे मिनिटाला 30 मराठी किंवा 40 इंग्रजी शब्दांच्या वेगाचे टंकलेखन प्रमाणपत्र मागितले जाते. ती परीक्षा हाताचा वेग मोजते. त्या शब्दांतले किती शब्द हाताने टाइप करायची गरजच नव्हती, हे कोणी विचारत नाही. दिवसाकाठी तेच कार्यालय, तीच कलमे, तीच पदनामे पुनःपुन्हा उमटवणाऱ्या माणसाच्या मनगटासाठी मात्र हाच प्रश्न महत्त्वाचा आहे.

पुढे जाण्याआधी दोन गोष्टी वेगळ्या करायला हव्यात, कारण बोलताना त्या सर्रास एकत्र केल्या जातात. पहिली संक्षेपविस्तार: अमुक अक्षरांच्या जागी तमुक मजकूर यावा हे तुम्ही आधी ठरवून ठेवलेले असते आणि यंत्र ते निमूटपणे पाळते. दुसरी शब्दपूर्ती: तुम्ही शब्द सुरू करता आणि पुढे काय येईल याचा अंदाज यंत्र करते. पहिलीत काय उमटणार हे बोट ठेवण्याआधीच तुम्हाला ठाऊक असते. दुसरीत ते यंत्राने पुढे केल्यावर कळते. बटणे दोन्हींत वाचतात, पण लिहिणाऱ्याच्या मनाचे काम दोन्हींत एकसारखे नाही. माझा कल पहिलीकडे आहे, आणि या पुस्तिकेचा बराचसा भागही तिच्यासाठीच आहे.

शब्दपूर्तीचा उगम आज्ञा टाइप करणाऱ्या जगात आहे. 1970 च्या आसपास बीबीएन या अमेरिकी कंपनीने तयार केलेल्या टेनेक्स या संगणकप्रणालीत अर्धवट आज्ञा टाइप करून एक बटण दाबले की उरलेली आज्ञा यंत्र भरून देई. पुढे युनिक्सवर केन ग्रीअर यांनी ती सोय आणली, आणि त्या प्रोग्रामच्या ‘टीसीशेल’ या नावातला ‘टी’ टेनेक्सचाच आहे. आज प्रोग्रामर टॅब दाबून फाइलचे नाव पुरे करून घेतात ती हीच परंपरा. तिथे अंदाज चुकायला फारशी जागा नव्हती, कारण आज्ञा मोजक्या आणि फाइली समोर मांडलेल्या. माणसाच्या वाक्याचे तसे नसते.

संक्षेपविस्ताराची गोष्ट मायक्रोसॉफ्ट वर्डमध्ये पाहण्यासारखी आहे. त्यात आधीपासून ‘ग्लॉसरी’ नावाची सोय होती: संक्षेप टाइप करा, एफ 3 दाबा, मजकूर उमटतो. डीन हाकामोविच या तिथल्या अभियंत्याला सुचले की शब्द संपल्यावर माणूस स्पेस दाबतोच, मग त्याच दाबण्याने विस्तार का होऊ नये? इंग्रजी ‘द’ची अक्षरे हाताच्या घाईत उलटसुलट पडली तर तो चुकीचा शब्दच संक्षेप समजायचा आणि बरोबर शब्द हा त्याचा विस्तार. 1993 च्या वर्ड 6 मध्ये हे ‘ऑटोकरेक्ट’ नावाने आले. ज्याच्यावर आपण फोनवर रोज चिडतो ते ऑटोकरेक्ट मुळात संक्षेपविस्ताराच्या पोटी जन्मले आहे, आणि वर्डमधली त्याची यादी आजही तुम्हाला उघडून हवी तशी भरता येते. विंडोजवर 2003 पासून ऑटोहॉटकी आहे, तिन्ही मुख्य प्रणालींवर चालणारे मुक्त स्रोताचे एस्पान्सो आहे, लिब्रेऑफिसमध्ये एफ 3 वर ऑटोटेक्स्ट आहे, आयफोनमध्ये आणि जीबोर्डच्या वैयक्तिक शब्दकोशात शॉर्टकट नोंदवायची जागा आहे. कोणत्याही एका साधनाची भलामण करायला मी बसलेलो नाही. हाताशी असेल त्याने सुरुवात करावी.

आता वेगाचा प्रश्न. कमी बटणे म्हणजे जास्त वेग, असे सहज वाटते. मोजून पाहणाऱ्यांना तसे दिसले नाही. हाइडी कोस्टर आणि सायमन लेव्हीन यांनी मिशिगन विद्यापीठात 1990 च्या दशकात शब्दपूर्तीचा अभ्यास केला. बटणे कमी दाबली गेली, पण सुचवलेल्या शब्दांची यादी वाचण्यात आणि निवडण्यात तो फायदा खर्ची पडला, आणि पाठीच्या कण्याला इजा झालेल्या लोकांचा वेग तर उलट घटला. 2019 मध्ये 37 हजारांहून अधिक लोकांच्या मोबाइल टायपिंगचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यातही हेच चित्र होते: ऑटोकरेक्टवर विसंबणारे लोक जलद, आणि सुचवलेले शब्द बोटाने वेचणारे संथ. कारण समजायला अवघड नाही. यादी आली की डोळा वाक्यावरून उठतो, तीन शब्द वाचतो, नाकारतो, परत येतो. लिहिणारा तेवढ्यापुरता वाचक होतो. ठरवलेल्या संक्षेपात हे घडत नाही. तो हाताच्या सवयीत मुरतो आणि नजर वाक्यावरच राहते.

याला एक मोठा अपवाद आहे आणि तो आदराने सांगितला पाहिजे. ज्या माणसाला एकेक अक्षर महाग पडते त्याच्यासाठी अंदाज हाच आधार असतो. 1985 मध्ये श्वासनलिकेवरच्या शस्त्रक्रियेनंतर स्टीफन हॉकिंग यांची वाचा गेली. अक्षरफलकावर योग्य अक्षर आले की भुवई उंचावायची, अशा रीतीने ते शब्द जुळवत. मग वॉल्टर वोल्टॉश यांनी दिलेल्या प्रोग्रामवर हातातल्या एका बटणाने त्यांना मिनिटाला 15 शब्दांपर्यंत मजल मारता येई. पुढे हातही गेला, गालाच्या स्नायूची हालचाल टिपणारा संवेदक चष्म्याला लावला गेला, आणि आजार वाढत गेला तसा वेग मिनिटाला जेमतेम एक-दोन शब्दांवर आला. तेव्हा इंटेलच्या लामा नाचमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्विफ्टकी या कंपनीचे अंदाजयंत्र त्यांच्या संगणकात बसवले आणि त्याला हॉकिंग यांचीच पुस्तके आणि व्याख्याने शिकवली. इंग्रजीत ‘द’ निवडले की ‘ब्लॅक’ पुढे येई, ‘ब्लॅक’ निवडले की ‘होल’. इथे यंत्राचा अंदाज नेमका होता, कारण तो त्या माणसाच्या स्वतःच्या शब्दभांडारातून निघत होता. 2015 मध्ये इंटेलने ती प्रणाली सर्वांसाठी खुली केली. बोलता किंवा हात हलवता न येणाऱ्या मराठी माणसासाठी, त्याच्या घरच्या भाषेवर शिकवलेले असे काही उभे राहावे, ही माझी मनापासूनची इच्छा आहे. त्या कामापुढे बाकीच्यांची मनगटे वाचवणे लहान आहे.

यातून दिसते ते हे, की अंदाज कोणत्या लिखाणावर शिकलेला आहे यावर सारे अवलंबून असते. ईमॅक्स या जुन्या संपादकात एक साधी युक्ती आहे: शब्दाची दोन अक्षरे लिहून ठरलेली बटणे दाबली की तुम्ही त्याच दस्तऐवजात आधी लिहिलेला शब्द तो पुरा करतो. लिब्रेऑफिसची शब्दपूर्तीही असेच चालू दस्तऐवजातले शब्द गोळा करते. यंत्र इथेही अंदाज करते, पण भांडार लिहिणाऱ्याचे असते. एखाद्या खटल्याच्या कागदांत वीस वेळा येणारे गावाचे नाव यात बिनचूक उमटते.

आता मराठीकडे येऊ, कारण ही पुस्तिका लिहायचे खरे कारण तेच आहे. या विषयावरची जवळपास सगळी मार्गदर्शक पुस्तके इंग्रजी डोळ्यांपुढे ठेवून लिहिलेली असतात, आणि ती मराठीला लावताना पहिल्याच पायरीवर अडचण येते.

इंग्रजीत नाव बहुधा जसेच्या तसे राहते. मराठीत ते सामान्यरूप घेते आणि त्याला प्रत्यय चिकटतो. ‘जिल्हाधिकारी’ एकदा नोंदवून भागत नाही, कारण प्रत्यक्ष लिहिताना लागतात ‘जिल्हाधिकाऱ्यांनी’, ‘जिल्हाधिकाऱ्यांकडे’, ‘जिल्हाधिकाऱ्यांच्या’. वर्डचे ऑटोकरेक्ट स्पेस किंवा विरामचिन्ह आल्यावर जागे होते. मग विस्तारानंतर मागे जाऊन जागा खोडा आणि प्रत्यय लावा. यात वाचलेले श्रम पुन्हा खर्च होतात. वर्डमध्येच राहायचे असेल तर प्रत्ययासकटची चार-पाच रूपे स्वतंत्रपणे नोंदवावीत. एस्पान्सोत मात्र संक्षेपाचे शेवटचे अक्षर पडताक्षणी विस्तार होतो, आणि ऑटोहॉटकीतही एका तारकाचिन्हाने तसे करता येते. तिथे दोनच नोंदी पुरतात: मूळ रूप ‘जिल्हाधिकारी’ आणि सामान्यरूप ‘जिल्हाधिकाऱ्यां’. दुसरे उमटले की ‘नी’, ‘कडे’, ‘च्या’ हाताने जोडायचे.

पण तात्काळ विस्ताराचा एक नियम आहे: एक संक्षेप दुसऱ्याची सुरुवात असता कामा नये. ‘ङज’ असा संक्षेप ठेवला की ‘ङजस’ कधीच उमटणार नाही, कारण ‘ज’ पडताच यंत्र विस्तार करून मोकळे होते. म्हणून या पुस्तिकेत प्रत्येक संक्षेपाच्या शेवटी ‘म’ किंवा ‘स’ आहे: मूळ रूपासाठी ‘ङजम’, सामान्यरूपासाठी ‘ङजस’.

आणि सुरुवातीला ‘ङ’ का? संक्षेप असा हवा की तो खऱ्या लिखाणात चुकूनही येणार नाही. ‘मश’ ठेवला तर ‘मशागत’ लिहिताना घोटाळा होईल. इंग्रजी साधनांत यासाठी आधी अपूर्णविराम किंवा अर्धविराम टाकतात. मराठीकडे त्याहून चांगली गोष्ट आहे. ‘ङ’ने मराठी शब्द सुरू होत नाही. तो भेटतो ‘वाङ्मय’सारख्या शब्दाच्या पोटात. इन्स्क्रिप्ट कीबोर्डवर तो ‘ह’च्याच बटणावर, शिफ्टसह आहे, म्हणजे उजव्या हाताच्या अगदी आवाक्यात. आपल्या वर्णमालेत जवळजवळ बिनकामाचे पडून असलेले हे अक्षर इथे फार उपयोगी पडते.

इन्स्क्रिप्टचा उल्लेख मुद्दाम केला. रोमन अक्षरांतून मराठी उमटवणाऱ्या फोनेटिक कीबोर्डवर शब्द पुरा होईपर्यंत तो अधांतरी असतो, त्यामुळे बाहेरून बटणे टिपणाऱ्या विस्तारकाची आणि त्याची गाठ पडून गोंधळ होऊ शकतो. इन्स्क्रिप्टवर एक बटण म्हणजे एक चिन्ह, थेट. ‘महाराष्ट्र’ या शब्दाला सरळ मार्गाने दहा चिन्हे लागतात: म, ह, काना, र, काना, ष, हलन्त, ट, हलन्त, र. ‘महाराष्ट्र शासन’ पुरे करायला मधल्या जागेसकट पंधरा. त्याजागी ‘ङमम’ ही तीन. आपली जोडाक्षरे इतकी घडीव आहेत की शब्द डोळ्यांना जेवढा लहान दिसतो त्याहून बोटांना मोठा पडतो, आणि म्हणून संक्षेपाचा लाभ मराठीला इंग्रजीपेक्षा जास्त होतो.

आणखी एक लाभ आहे तो वेगाचा नाही, शुद्धतेचा आहे, आणि मला तो वेगापेक्षाही मोलाचा वाटतो. ‘दऱ्या’मधला अर्धा र युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी लिहिता येतो: खाली टिंब असलेल्या ‘ऱ’ला हलन्त लावून, किंवा साध्या ‘र’ला हलन्त लावून पुढे एक अदृश्य जोडचिन्ह घालून. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. यंत्राला ते दोन वेगळे शब्द आहेत. ‘ॲ’चेही तसेच: या अक्षराला 2008 मध्ये युनिकोडमध्ये स्वतंत्र जागा मिळाली, त्याआधी ‘अ’वर चंद्र बसवून काम भागवत, आणि आजही अनेक ठिकाणी तसेच उमटते. परिणाम असा की ‘शेतकऱ्यांच्या’ शोधताना अर्ध्या फाइली सापडतात आणि अर्ध्या सापडत नाहीत. संक्षेपाच्या यादीत शब्द एकदाच आणि बरोबर चिन्हांनी भरला की त्या कार्यालयातून निघणाऱ्या प्रत्येक कागदात तो तसाच राहतो. आडनावांचे आणि गावांच्या नावांचेही असेच आहे. माणसाचे नाव चुकीचे छापले जाणे ही लहान गोष्ट नाही. सातबारा असो वा गुणपत्रिका, एका वेलांटीपायी माणसाला खेपा घालाव्या लागतात.

यंत्राच्या अंदाजाला मराठीत आणखी एक अवघड वळण आहे. जीमेलने 2018 मध्ये वाक्य पुरे करून देणारी सोय आणली तेव्हा तिच्यातून लिंगदर्शक सर्वनामे वगळावी लागली, कारण गुंतवणूकदाराला भेटतो आहे असे लिहिताच ती इंग्रजीत त्याला पुरुष समजून वाक्य सुचवू लागली होती. इंग्रजीत सर्वनाम गाळून सुटता येते. मराठीत क्रियापदच सांगते: ‘मी आलो’ की ‘मी आले’? लिहिणाऱ्याचे स्वतःचेच लिंग ठरवल्याशिवाय यंत्राला साधे वाक्य पुरे करता येत नाही. आणि समोरच्याला ‘ये’ म्हणायचे की ‘या’, हे नाते त्या यंत्राला कुठून कळणार? मालवणीत किंवा अहिराणीत घरच्यांशी लिहिणाऱ्याला फोन प्रत्येक शब्दाला प्रमाण मराठीकडे ओढत राहतो.

हे ओढणे केवळ शब्दांपुरते नाही. हार्वर्डमधल्या केनेथ अर्नोल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2020 मध्ये दाखवले की सूचना दिसत असताना लोकांनी चित्रांची वर्णने आखूड लिहिली, आणि यंत्राला अपेक्षित नसलेले शब्द त्यांत कमी झाले. 2025 मध्ये कॉर्नेल विद्यापीठातल्या संशोधकांनी भारतीय आणि अमेरिकी लोकांना इंग्रजीत लिहायला बसवले. आवडता पदार्थ लिहू लागणाऱ्याला यंत्र पिझ्झा सुचवे, सण म्हटला की ख्रिसमस. भारतीयांचे लेखन त्या सूचनांनी अमेरिकी वळणाकडे सरकले. पुरणपोळी लिहायला बसलेल्याने पुरणपोळीच लिहावी, यासाठी सूचना बंद ठेवायची मुभा माणसाला ठाऊक असायला हवी. सूचना कशा बंद करायच्या हे दुसऱ्या प्रकरणात साधनवार दिले आहे.

संक्षेपविस्तारही निर्धोक नाही. शब्द फुकट झाले की ते वाढतात. ‘उपरोक्त विषयास अनुसरून आपणास कळविण्यात येते की’ हे टाइप करायला कष्ट पडत तोवर एखादा लिपिक कंटाळून सरळ ‘कळवतो की’ लिहिण्याची शक्यता तरी होती. तीन बटणांत ते उमटू लागले की ते कायमचे बसले. शब्दपूर्तीतही हेच घडते: व्हॉट्सॲपवर ‘भाव’ लिहिताच ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ पुढे येते आणि आपण ती पाठवून देतो. गेलेल्या माणसाबद्दल आपल्याला जे वाटत होते ते लिहायचे राहूनच जाते. म्हणून या पुस्तिकेतल्या यादीत नावे, पदे, पत्ते, कायद्यांची आणि संस्थांची नावे, अवघड जोडाक्षरांचे शब्द आहेत. अभिनंदन, सांत्वन, मत, विनंती यांची तयार वाक्ये नाहीत. ती मी विचारपूर्वक काढून टाकली आहेत. स्वतःच्या यादीतही ती भरू नयेत असे माझे सांगणे आहे.

सुरक्षेबद्दल थोडेच सांगायचे आहे. विस्तारक प्रोग्राम तुम्ही दाबलेले प्रत्येक बटण पाहतो. त्यामुळे तो विश्वासाच्या जागेवरूनच घ्यावा आणि कार्यालयाच्या संगणकावर परवानगीशिवाय बसवू नये. पासवर्ड, आधार क्रमांक, बँकेचे तपशील यादीत कधीही ठेवू नयेत. ही यादी बहुधा साधी मजकुराची फाइल असते आणि कोणालाही वाचता येते.

सुरुवात कशी करावी? एका बैठकीत दोनशे संक्षेप बनवणाऱ्याला पंधरवड्यात त्यातले दहा आठवतात. त्याऐवजी आठवडाभर आपलेच जुने कागद चाळावे, कोणते शब्द पुनःपुन्हा येतात ते पाहावे, त्यातले पाच-सहा निवडावे आणि ते बोटांत बसल्यावरच पुढचे घ्यावे. परिशिष्टातली यादी विषयवार आहे: महसूल, न्यायालय, शाळा, वृत्तपत्र. ती साध्या मजकुरात, यूटीएफ-8 मध्ये ठेवली आहे, एका ओळीत एक संक्षेप, टॅब, आणि विस्तार. ऑटोहॉटकीच्या जुन्या आवृत्तीसाठी फाइल जतन करताना यूटीएफ-8 बीओएमसह निवडावे, नाहीतर देवनागरीच्या जागी निरर्थक चिन्हे उमटतात. तुमच्या तालुक्याची गावे, तुमच्या न्यायालयाची कलमे, तुमच्या शाळेतल्या मुलांची नावे त्यात तुम्हीच भरायची आहेत, आणि माझे संक्षेप गैरसोयीचे वाटले तर बेलाशक बदलायचे आहेत.